मानशीला माणूस हवा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत पहिल्याच पानावर गोव्यात मांडवी नदीतल्या चोडण बेटाचे एक मोठे छायाचित्र आले आहे. सकाळचे धुके, स्थिर पाणी, पाण्यात उभी खारफुटी आणि एका फांदीवर पांढरा बगळा. खाली ओळ आहे, ‘निसर्गाने मुक्तहस्ते उधळण केलेले चोडणचे कांदळवन’. फोटो छान आहे. घरात सगळ्यांनी पाहिला, सुनेने मोबाइलवर घेऊन माहेरी पाठवलाही. मी मात्र चष्मा पुसून उजवीकडचा खालचा कोपरा पाहत बसलो. तिथे पाण्यातून वर आलेले दोन काळे दगडी खांब आणि त्यांच्यावर आडवा टाकलेला चिरा दिसतो. ती आमच्या खाजनाची, म्हणजे बांध घालून नदीकाठी केलेल्या शेतजमिनीची, मानस आहे, म्हणजे पाण्याचे दार. बगळा बसला आहे ती जागा आमच्या शेताची. तिथे मी स्वतः भात कापले आहे. त्यामुळे मुक्तहस्ते उधळण वगैरे वाचून, खोटे कशाला सांगू, आधी हसू आले आणि मग जेवण गेले नाही.

मी ७१ वर्षांचा आहे. नदी परिवहन खात्यात फेरीबोटीवर ३१ वर्षे काढली. आधी खलाशी, शेवटची काही वर्षे पात्रांव, म्हणजे बोट चालवणारा. नोकरी पाण्यावर आणि घर बांधाच्या आत. बांध दोन्ही अंगांनी पाहिलेली माणसे गावात आता फार उरली नाहीत, म्हणून हा पत्रप्रपंच. पत्र लांबले तर कात्री लावा, मानशीचा मजकूर तेवढा राहू द्या.

बाहेरच्या माणसाला आमचा गाव समजावून सांगायचा तर मधून सुरुवात करावी लागते. मध्यभागी उंचवटा, तिथे घरे, आंबे, फणस, देवळे आणि इगर्जी, म्हणजे चर्च. ही मरड जमीन. उतारावर रेतीमिश्रित खेर, तिथे माड. त्याच्या खाली सपाट पसरलेले खाजन, खाजनाला बांध आणि बांधापलीकडे मांडवी. दिवाडी, जुवें, वांशी, ही सगळी शेजारची बेटे थोड्याफार फरकाने अशीच. आता यातली गंमत अशी की खाजन नदीपेक्षा खाली आहे. पूर्ण भरतीला फेरीबोटीच्या डेकवर उभे राहिले की नदी वर आणि भात खाली दिसायचे. बोटीवर पर्यटकांना हे दाखवले की ते पाण्याकडे बघत, मग भाताकडे बघत आणि मग माझ्याकडे संशयाने बघत.

मांडवीला भरती लागते ती आत थेट गांजेपर्यंत. दिवसातून दोनदा पाणी चढते, दोनदा उतरते आणि रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटे उशिरा. पावसाळ्यात घाटावरचे पाणी इतके येते की नदी जवळजवळ गोडी होते. दिवाळीनंतर खारटपणा वर सरकू लागतो आणि उन्हाळ्यात नदीच्या पाण्याने तोंड धुतले तर ओठ चरचरतात. अशा नदीच्या उशाशी, तिच्या पातळीच्या खाली, भात पिकवायचे हा उद्योग आमच्या पूर्वजांनी केला. गोव्यात अशी खाजन जमीन सुमारे १८,००० हेक्टर आहे असे सांगतात. त्यातला एक वाफासुद्धा निसर्गाने उधळलेला नाही. टोपलीने उचललेल्या चिखलाचा आहे.

किती जुना उद्योग? बांदिवड्याला सापडलेल्या ताम्रपटात अनिर्जितवर्मन या मौर्य राजाने खाजन जमीन दान दिल्याचा उल्लेख आहे. म्हणजे हिशेब पाचव्या-सहाव्या शतकापर्यंत मागे जातो. पुढचा कागद पोर्तुगीजांचा. आमचा तिसवाडी तालुका त्यांनी १५१० साली घेतला आणि १५२६ साली महसूल पाहणाऱ्या आफोंसो मेशिया याने इथल्या गावकाऱ्यांच्या, म्हणजे गावाचा सामाईक कारभार चालवणाऱ्या संस्थांच्या, चालीरीती लिहून काढल्या. त्याला फोराल म्हणतात. त्याच्या आरंभी सांगितले आहे की फार पूर्वी चार माणसे आली, ओसाड पडलेले बेट त्यांनी लागवडीला आणले आणि पुढे त्यांचाच गाव झाला, म्हणून ते गावकार. कोणत्या राजाने काय जिंकले ते आम्ही शाळेत पाठ केले. पण चार माणसांनी चिखल उचलला ही गोष्ट जिंकणाऱ्याच्या दप्तरातही आधी लिहावी लागली, हे मला फार आवडते.

सोळाव्या शतकात इथली देवळे मोडली तेव्हा आमचा देवकीकृष्ण चोडणहून मये गावात आणि तिथून माशेलला गेला. आषाढ शुद्ध द्वादशीला माशेलच्या देवळासमोर चिखलकाला होतो, तो याच देवाचा. लहानपणी वडिलांबरोबर मी तिथे चिखलात लोळलो आहे. आता त्याला दूरदूरहून माणसे येतात, कॅमेरे येतात, सगळे अंगभर चिखल लावून हसत फोटो काढतात. आनंद आहे. पण त्याच आठवड्यात आमच्या बांधावर चार टोपल्या चिखल टाकायला माणूस मागा, मिळत नाही.

आता मानस.

बांधाला जागोजागी दारे ठेवलेली असतात, त्यांना मानस म्हणतात. दोन्ही बाजूंना चिऱ्यांची भिंत, मध्ये लाकडी झडप. झडप वरच्या अंगाला अडकवलेली आणि नदीच्या बाजूला उघडणारी. भरती चढू लागली की नदीचे पाणीच झडप दाबून बंद करते. ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी तिला बाहेर ढकलून निघून जाते. ना इंजिन, ना वीज. आत मानशीच्या मागे पोंय, म्हणजे खोलगट जागा, जिथे पावसाचे जादा पाणी ओहोटीची वाट पाहत थांबते. भाताला पाणी हवे तेव्हा राहते, नको तेव्हा जाते. पोंयीत मासे येतात, काळुंद्रे, शेवटे, सुंगटे, कधी मोठा चोणक. ओहोटीच्या वेळी मानशीच्या तोंडाला जाळे लावले की घरात कालवण आणि वर दोन पैसे. मिरगाच्या आधी जमीन नांगरून ढेकळे उघडी टाकायची, पहिल्या पावसाने मीठ धुऊन मानशीतून बाहेर काढायचे आणि मग मोड आलेले कोरगुटचे बी पेरायचे. कोरगुट आणि आसगो ही खारट जमीन सोसणारी आमची भाते. उत्पन्न कमी, उंची जास्त, वाऱ्याने आडवी पडतात. पण खारे पाणी एखाद-दुसऱ्या दिवशी शिरले तर मान टाकत नाहीत. जया आणि ज्योती ही सुधारित भाते आली तेव्हा पोती वाढली खरी, पण ती सुखात वाढलेली पोरे. मीठ लागले की पिवळी.

हे यंत्र आपोआप चालते असे मी वर लिहिले आणि पुस्तकांतही तसेच लिहितात. तिथेच सगळ्यांची फसगत होते. झडपेत ओंडका अडकतो, प्लास्टिक अडकते, माडाची झावळ अडकते. चार बोटे फट राहिली तरी एका भरतीत अर्धे खाजन खारट होते. लाकूड फुगते, कुजते. कोणी मासे जास्त यावेत म्हणून रात्री हळूच दगड लावून झडप उघडी ठेवतो. म्हणून मानशीवर माणूस असायचा. भरती-ओहोटी रात्री-बेरात्री जेव्हा असेल तेव्हा तो तिथे. त्याचे वर्षाचे भात गावकारी ठरवून देई. पावसाळ्यात त्याच्या पायाच्या बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडलेल्या असत. आम्हा पोरांना वाटायचे की त्याला माशांसारखे खवले येत आहेत.

बांधाचेही तसेच. एक रात्र सांगतो. मी दहा-अकरा वर्षांचा होतो. श्रावणातली अमावास्या होती. अमावास्येला आणि पौर्णिमेला भरतीचे उधाण आणि आमच्याकडे त्या दिवशी पाणी दुपारी-मध्यरात्रीच्या सुमारास पूर्ण भरते. वडील कंदील घेऊन बांधावर निघाले, पेंढ्याची मोळी माझ्या डोक्यावर. ते बांधाच्या आतल्या अंगाने चालत होते आणि दर दहा पावलांनी वाकून पाझर ओंजळीत घेऊन कंदिलाशी धरत होते. पाझर सगळीकडेच होता. मला वाटले, झाले, बांध गेला. वडील म्हणाले, “निवळ उदक भियेवपाचें न्हय. गढूळ आयलें जाल्यार धांव.” निवळ पाणी येते ते मातीतून गाळून येते. गढूळ येते तेव्हा ते बांध खाऊन येत असते.

एका ठिकाणी गढूळ आले. खेकड्याचे बीळ. वडिलांनी कंदील माझ्या हातात दिला, धोतर खोचले आणि बांध ओलांडून नदीच्या बाजूला छातीभर पाण्यात उतरले. मला काही कळेना, पाणी इकडून येतेय आणि हे तिकडे काय करतायत? ते पायाच्या अंगठ्याने बांधाची भिंत चाचपत होते. बराच वेळ गेला. मग थांबले. “हांगा ओडटा,” म्हणाले. अंगठा ओढला जात होता, तेच बिळाचे तोंड. मी पेंढा चिखलात माखून पिळे करून देत गेलो, ते पाण्याखाली टाचेने ठोकून बसवत गेले. सात-आठ पिळे गेले असतील. मग वर येऊन पुन्हा आतल्या बाजूला ओंजळ धरली आणि कंदिलाशी नेली. निवळ. घरी येऊन पेज जेवलो आणि झोपलो. सकाळी या गोष्टीबद्दल कोणी कोणाशी अवाक्षर बोलले नाही, कारण तशा रात्री प्रत्येक घराच्या वाट्याला असायच्या.

हा सगळा कारभार गावकारीचा, जिला पुढे कोमुनिदाद म्हणू लागले. शेते तीन-तीन वर्षांसाठी लिलावाने कसायला दिली जात. उत्पन्नातून आधी बांध, मानस, देऊळ किंवा इगर्जीचा खर्च, सरकारचा वाटा आणि उरले तर गावकारांना जोण, म्हणजे त्यांचा वाटा. हे फार न्यायाचे राज्य होते असे मी म्हणणार नाही. आम्ही गावकार नव्हतो. आम्ही लिलावात बोली लावून कसणारे, आणि बोली चढवणारा कोणीतरी दर तीन वर्षांनी भेटायचाच. खळ्यावर भात मोजताना वीस कुडवांची एक खंडी व्हायची आणि घरी किती कुडव जाणार हे आईला आधीच ठाऊक असायचे, म्हणून ती मोजणीला कधी आली नाही.

पोर्तुगीजांनी कोमुनिदादींची नवी संहिता काढली ती १५ एप्रिल १९६१ रोजी आणि आठ महिन्यांनी, १९ डिसेंबरला, ते स्वतःच गेले. शाई वाळली नसेल. नंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात, १९६४ साली, कूळ कायदा आला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणारा तो मालक ठरला. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा आमच्या घरात नुसती घोषणा नव्हती. त्या दिवशी वडील शेताच्या मेरेवर जाऊन बसले आणि काळोख पडेपर्यंत परत आले नाहीत. तो कायदा चुकला असे म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मला बसवू नका.

पण एक गोष्ट त्या वेळी कोणाच्या लक्षात आली नाही. शेत वाटून देता येते, बांध वाटून देता येत नाही. शेत माझे झाले, शेजारचे शेजाऱ्याचे झाले, मग बांध कोणाचा? कागदावर उत्तर आहे, कूळ संघाचा. आमचा कूळ संघ आहे. वर्षातून एक सभा होते. गणसंख्येअभावी अर्धा तास थांबतात आणि त्याच जागी पुन्हा घेतात. कोमुनिदाद म्हणते आमचे उत्पन्न गेले, आम्ही का खर्च करू. संघ म्हणतो निधी नाही. सरकार म्हणते अर्ज द्या. मानशीतल्या मासेमारीचा लिलाव मात्र चुकत नाही. त्यात माणसे अगदी वेळेवर येतात.

आणि इथे माझ्या नोकरीची गोष्ट येते. खाणी जोरात होत्या ते दिवस आठवा. मांडवीतून खनिजाच्या बार्जींची रांग असायची, भरलेल्या खाली जात आणि रिकाम्या वर. भरलेली बार्ज जड, हळू जाते. रिकामी बार्ज वेगात जाते आणि तिच्या मागून जी लाट उठते ती तिरकी जाऊन काठाला आपटते. फेरीबोट घेऊन मी मध्ये थांबायचो, बार्ज जाऊ द्यायचो आणि ती लाट कुठे आपटते ते बघत बसायचो. एक, दोन, तीन, चार. पाचवी लहान असते. दिवसाला किती बार्जी, ते तुम्हीच मोजा. बांधाचे चिरे पायथ्याकडून एकेक करून सुटत होते आणि मी सरकारी गणवेशात, चाक हातात धरून, माझेच शेत खचताना बघत होतो. तक्रार कोणाकडे करणार? गावातल्या अर्ध्या घरांत बार्जीवर, खाणीवर, ट्रकवर कोणी ना कोणी होताच. माझा धाकटा भाऊही. २०१२ साली खाणी बंद झाल्या, मध्ये सुरू झाल्या आणि २०१८ ला पुन्हा थांबल्या. त्या काळात नदी इतकी गप्प झाली की रात्री झडपेचा आवाज ऐकू यावा. पण तोपर्यंत आमच्या मानशीला झडपच राहिली नव्हती.

आमच्या बांधाची खांड, म्हणजे भगदाड, पडली ती २०१२ च्या बंदीच्या दोन-एक वर्षे आधी, ज्येष्ठी पौर्णिमेच्या उधाणात. त्या वर्षी मानस ज्याने लिलावात घेतली होती त्याने सुंगटांच्या लोभाने झडप उघडी टाकली होती. आतले पाणी चढले, बाहेरचे चढले, बांध दोन्ही बाजूंनी भिजला आणि मानशीच्या शेजारचा तुकडा बसला. सकाळी दोन मीटर, संध्याकाळी सात मीटर. पूर्वी अशी खांड पडली की गाव जमायचा. बांबू ठोकायचे, त्यात पेंढा आणि खारफुटीच्या फांद्या भरायच्या आणि पुढची भरती यायच्या आत हातोहात चिखल पोहोचवायचा. दोन भरत्यांच्या मधला वेळ म्हणजे सुमारे बारा तास आणि त्यातले कामाचे जेमतेम तीन. त्या दिवशी आम्ही नऊ जण जमलो. नऊ जणांत सर्वांत तरुण मी, ५६ वर्षांचा. संध्याकाळी भरतीने आमचे काम उचलून पोंयीत नेऊन टाकले.

अर्ज दिले. पंचनामा झाला. त्या सालचे बी वाहून गेले, त्याची भरपाई आली, तीही शेजाऱ्याच्या नावावर. तिसऱ्या वर्षी संबंधित खात्याकडून चांगली रुंद, काँक्रीटची भिंत झाली आणि मानशीला लोखंडी दार बसले. काम वाईट नव्हते, उगाच दोष देणार नाही. पण लोखंडी दार आपोआप चालत नाही, ते चाक फिरवून वर-खाली करावे लागते. ते चाक फिरवणारा माणूस अंदाजपत्रकात नव्हता. मी विचारले तेव्हा एक तरुण इंजिनिअर अगदी नम्रपणे म्हणाला, “काका, ते ऑपरेशनमध्ये येतं, आमचं काम कन्स्ट्रक्शनपुरतं.” पहिल्या वर्षी आम्ही दोघे-तिघे आळीपाळीने जात राहिलो. दुसऱ्या वर्षी चाक गंजले. तिसऱ्या वर्षी दार अर्ध्यावर अडकले, ते अजून तसेच आहे. आपल्या फोटोत ते पाण्याखाली आहे, म्हणून दिसत नाही.

शेतात खारे पाणी थांबले की आधी मारांडी येते, काटेरी पानांची. मग तिवर आणि कांदळ. त्यांना वाढायला वेळ लागत नाही, बी भरतीबरोबरच येते. दहा-बारा वर्षांत डोक्यावर गेली. आता ती तोडायची म्हटली तर कायदा आडवा येतो आणि तो यावाच. खारफुटीशी माझे भांडण नाही. आमच्याच बेटाच्या टोकाला सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, १९८८ पासून, १७८ हेक्टरांचे. बांधाच्या बाहेरची खारफुटी म्हणजे बांधाची ढाल. लाट तिच्यात शिरते आणि बांधाला लागेपर्यंत तिचा जोर गेलेला असतो. वडील तिची एक फांदी विनाकारण मोडू देत नसत. पण बाहेरची ढाल घरात येऊन बसली तर घरवाल्याने जायचे कुठे? २०११ च्या किनारी अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांचा वेगळा उल्लेख आहे. नकाशे करा, खारफुटी राखा, खाजनांच्या व्यवस्थापनाचा आराखडा तयार करा, तिथे बांधकाम नको. वाचायला सगळे बरोबर. फक्त ‘खाजन’ या शब्दात शेतकरी आहे हे वाचणाऱ्याच्या लक्षात राहिले पाहिजे. नाहीतर आधी मानस उघडी, मग खारफुटी, मग ‘इथे शेती कधी होती?’ असा प्रश्न आणि शेवटी आपल्या पुरवणीतली ओळ.

म्हणून माझे मागणे अगदी लहान आहे. प्रत्येक मानशीला एक माणूस द्या. पगारी. कूळ संघाने निवडलेला, गावातला, रात्रीचा बांध ओळखणारा. त्याला भरती-ओहोटीचे वेळापत्रक द्या, एक टॉर्च द्या, ग्रीसचा डबा द्या. त्याचा फोन नंबर मानशीवरच रंगवून ठेवा. मासेमारीचा लिलाव घेणाऱ्याच्या हातात झडपेची किल्ली जाता कामा नये, ती याच्या हातात राहावी. पैसे कुठून आणायचे असे विचाराल, तर त्या लिलावाचेच आधी यात घाला, कमी पडले तर सरकारने भर घालावी. धक्क्याला बांधून ठेवलेल्या रिकाम्या फेरीबोटीवरसुद्धा रात्री राखणदार असतो, मी स्वतः तशा रात्री काढल्या आहेत. कितीतरी घरांचे भात राखणाऱ्या दाराला तो नसावा?

मी हे सांगितले की घरातले म्हणतात, आता भात कोण करणार आहे? मुलगा पणजीला नोकरीला जातो. नातवाला कोरगुट म्हणजे काय ते सांगावे लागते. खरे आहे. पण जुन्या गोव्याला एला येथे केंद्र सरकारची शेती संशोधन संस्था आहे, तिथल्या लोकांनी कोरगुटातूनच निवड करून ‘गोवा धान’ या नावाने मीठ सोसणारी वाणे काढली, ती उताराही जास्त देतात. दिवाडीतला माझा एक मित्र लावतो. त्याच्या बांधाला अजून खांड नाही. मागच्या पावसाळ्यात मी त्याच्याकडे जाऊन शेत पाहिले, पोटऱ्यांत आले होते. मेरेवर बसून आम्ही दोघे बराच वेळ गप्प होतो. येताना त्याने जुन्या कोरगुटचे एक कुडव बी बांधून दिले. माझ्याकडे पेरायला खाजन नाही, तरी घेतले. घरामागच्या खेरीत दोन वाफे केले. उंच वाढले, आडवे पडले, चिमण्यांनी बरेचसे खाल्ले. उरले त्याची चवथीच्या दुसऱ्या दिवशी नवी कणसे देवापुढे ठेवली आणि उरलेले बी डब्यात आहे.

पूल येणार, असे मी नोकरीला लागलो तेव्हापासून ऐकतो. येईल तेव्हा येईल. तोपर्यंत आपल्या छायाचित्रकाराला रायबंदरहून फेरी आहेच. त्यांना माझा एक निरोप द्या. त्यांनी फोटो काढला तेव्हा पाणी भरलेले होते. येत्या अमावास्येला संध्याकाळी पाचच्या सुमारास या, तेव्हा ओहोटी पूर्ण लागलेली असते. बूट घालून येऊ नका, चिखल घोट्यापर्यंत आहे. मी धक्क्यावर असेन. खारफुटीच्या मुळांमध्ये वाकून पाहिले की जुन्या मेरा अजून दिसतात, एकीला एक काटकोनात मिळालेल्या, सुतासारख्या सरळ. त्यातली मानशीपासूनची तिसरी आमची. तिचा फोटो काढा आणि खालची ओळ तेवढी दुरुस्त करून छापा.

आपला,
एक निवृत्त फेरीबोट कर्मचारी
चोडण, तिसवाडी